कावळ्यासमोर दिलेला शब्द

सावेडी, नगर
४ डिसेंबर २०२४

रुपाली,

तुझा एका ओळीचा निरोप मोबाईलवर मिळाला. 'आत्या म्हणते बाबा अडकलेत. काय चाललंय तिकडे?' 'मला फोन करू नकोस' असं तूच सांगून गेलीस, म्हणून लिहिते आहे. तेजपूरला टपाल कधी पोहोचतं मला ठाऊक नाही. पोहोचेल तेव्हा वाच.

आधी बॅगेचं. सावडण्याच्या दिवशी तू मला न विचारता माझ्या साड्या बॅगेत भरल्यास आणि मी त्या सगळ्यांदेखत परत कपाटात लावल्या. त्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. नवरा गेला म्हणून बाईचं बोचकं होत नाही, की उचललं आणि आसामात नेऊन ठेवलं. पण त्या रागात तू दहाव्यालाही थांबली नाहीस. त्यामुळे दहाव्याचं तुला जे कळलं ते छबूआत्याकडून, आणि तिच्याकडून कळलेलं नेहमी थोडं जास्त असतं. झालं ते असं.

पारनेरला ओढ्याकाठी विधी होता. मंडप, सतरंज्या, प्रवचनकार, सगळं तुझ्या चुलतभावाने, बन्सीने, नीट केलं होतं. प्रवचनानंतर श्रद्धांजलीची भाषणं. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर असलेल्या तुझ्या बाबांना एका पुढाऱ्याने सहकारातला दीपस्तंभ केलं. ते कधी सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा गेले नव्हते. मग पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. बाभळीवर कावळे होते. एकही खाली येईना.

मग नेहमीचं सुरू झालं. माणसाची काय इच्छा राहिली असेल ती ओळखायची आणि मोठ्याने कबूल करायची. बन्सी हात जोडून म्हणाला, "आबा, काकूच्या वाट्याला हात लावनार न्हाई. शब्द हाय." कावळ्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. छबूआत्या रडत म्हणाली, "दादा, वैनीला आमी एकटं पाडनार न्हाई. रुपीचं मनावर घिऊ नगं. ती येईल." तरी काही नाही. कुणी तंबाखूची पुडी ठेवली, कुणी जिलबी. ऊन चढत होतं, मी सकाळची गोळी घेतली नव्हती, आणि भटजी दर्भाचा कावळा करायला लागले होते. गवताचा कावळा शिवला की विधी पुरा होतो, पण घरच्यांना ते लागतं. छबूआत्याचा चेहरा मला बघवेना.

तेव्हा मी म्हटलं, "अहो, आणते घरात एखादं जनावर. आता या."

वाक्य संपायच्या आत कावळा आला.

तुला माहीत आहे, गोठ्यात वाढलेला हा माणूस जन्मभर म्हणत राहिला, "घरात एखादं जनावर पाहिजे गं." आणि मी जन्मभर म्हणत राहिले, "एक आहे की." इतकंच ते होतं, आमच्या दोघांतलं. मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे. कावळा का आला हे मी तुला सांगू शकते. त्याच क्षणी बन्सीने लाऊडस्पीकर बंद केला होता. पण तेवढा शब्द अख्ख्या गावाने ऐकला, आणि आता छबूआत्या दर दोन दिवसांनी फोन करते. "आनलं का जनावर? न्हाई? मंग दादा कसा जाईल?"

काय चाललंय, असं तू विचारलंस. दोन गोष्टी चालल्या आहेत. खोलीत शिरण्याआधी बाबा दाराशी खाकरायचे, आत बाईमाणूस दचकू नये म्हणून. ते खाकरणं मला दुपारी ऐकू येतं. दुसरं, पहाटे गिझर चालू असतो. लग्नानंतर पहिली काही वर्षं सोडली तर माझ्या आंघोळीचं पाणी नेहमी त्यांनीच तापत लावलं. ते पहाटे उठून बटण दाबायचे आणि परत येऊन झोपायचे. पाणी अजून तापलेलं असतं.

मी घाबरलेली नाही. तू विचारलंस म्हणून कळवलं. माझ्या नातीला, संस्कृतीला, थंडीत कान झाकायला सांग.

आई


सावेडी
१९ डिसेंबर २०२४

रुपाली,

तुझं उत्तर नाही. न येवो. शब्द दिला आहे तर तो निस्तरायला हवा, म्हणून मी कामाला लागले आहे. तीस वर्षं शाळेत शिकवलं; वर्गाला सहलीचं कबूल करून कधी टाळलं नाही.

मला काय हवं ते मी आधी ठरवलं. लहान हवं. खाणं परवडणारं हवं, पेन्शनीत. माणसाळलेलं हवं, चावरं नको. आणि माझ्या मागे फार वर्षं उरणारं नको. कुत्रा आपल्या तिसऱ्या मजल्यावर जमणार नाही. लिफ्ट महिन्यातून अर्धा वेळ झोपलेली असते आणि गुडघे कायमचे. मांजर दहा घरचं खाऊन अकराव्या घरी झोपतं, त्याला 'आणलं' असं म्हणता येणार नाही. पोपट आणि कासव ठेवायला कायद्याने बंदी आहे. हे इथे कुणाला माहीत नसतं, आणि सांगितलं तर लोक मलाच वेड्यात काढतात.

आपल्या चौकाच्या पुढे पाळीव प्राण्यांचं दुकान झालं आहे. चालवणारा ओंकार नावाचा तरुण आहे. माझा विद्यार्थी नव्हता, हे त्याच्या बोलण्यावरून लगेच कळलं.

"या काकू! कुणासाठी, नातवंडांसाठी?"

"नवऱ्यासाठी."

"वा! काकांना काय आवडतं?"

"काका वारलेत."

त्या बिचाऱ्याने हातातला माशांच्या खाण्याचा डबा परत फळीवर ठेवला. मग म्हणाला, "फिश घ्या काकू. शांत असतात." मी म्हटलं, शांतता माझ्याकडे पुष्कळ आहे. लव्हबर्ड दाखवले. त्यांचा कलकलाट ऐकून वाटलं, स्टाफरूममध्ये परत आले. शेवटी ससा काढला, पांढरा, तांबड्या डोळ्यांचा. "हा बघा, बेस्ट. घरी नेऊन बघा, न जमलं तर आणून द्या. दुसरं देतो." मी त्याला सांगितलं की प्राणी म्हणजे ब्लाउजचं कापड नव्हे. पण नेला.

ससा हॉलमध्ये सोडला. तो भिंतीकडेने फिरला, टीपॉयखाली गेला, आणि मग गॅलरीच्या दाराजवळच्या बाबांच्या वेताच्या खुर्चीसमोर जाऊन मागच्या पायांवर उभा राहिला. पुढचे पाय छातीशी धरून, तोंड वर करून. कुणी वरून पाल्याची काडी धरली की ससे असे उभे राहतात. बराच वेळ तसाच उभा होता. खुर्ची रिकामी होती.

ससे आजूबाजूचा अंदाज घ्यायला असे उभे राहतात. पुस्तकात दिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी तो परत केला. त्याने टेलिफोनची वायर कुरतडली. असं जनावर घरात ठेवणं धोक्याचं. ओंकारला तसं सांगितलं आणि छबूआत्यालाही सांगितलं. आता पुन्हा शोधायला हवं. घाई नाही. योग्य तेच आणलं पाहिजे. उगाच काहीतरी आणून टाकायचं नाही.

इकडे थंडी आहे. पहाटे पाणी गरम असतं.

आई


सावेडी
३० डिसेंबर २०२४

रुपाली,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलेलं नाही. 'तुझ्याकडे गरम पाणी येतं, माझ्याकडे काहीच येत नाही. मी इथे रोज कान लावून बसते. मी त्यांची कुणी नव्हते का?' हे वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि भांडी घासायला घेतली. बाईने आधीच घासली होती.

त्याच दिवशी छबूआत्या आली. बाजरीचं पीठ, शेंगा, आणि मला धाक दाखवायचा म्हणून बन्सीला बरोबर घेऊन. बन्सी खाली गाडीतच बसला. त्याला वर यायची भीती वाटते. पाच एकर ऊस श्रीगोंद्याच्या कारखान्याला घालतो, गावात पंचायत भरवतो, आणि मेलेल्या चुलत्याला भितो.

आत्या पाणीसुद्धा न पिता घरभर फिरली. पलंगाखाली वाकून पाहिलं.

"कुठंय जनावर?"

"शोधते आहे, वन्सं."

"काय शोदायचं त्यात? बकरीचं करडू आनून देते, सांज होयाच्या आत."

"तिसऱ्या मजल्यावर करडू?"

"मंग कोंबडी."

"सोसायटीवाले कापून खातील."

"खाऊंद्यात की! तेवढी आनल्याली तर हुईल." मग ती बाबांच्या खुर्चीजवळ खाली बसली, खुर्चीवर नाही, आणि आवाज उतरवून म्हणाली, "वैनी, खरं सांगू? तुमाला आनायचंच न्हाई."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नका. सशाने वायर कुरतडली."

"सशानं," ती म्हणाली. "मी लहान असल्यापासून बघती तुमाला. दोन दिवसांत पोरीचं लग्न ठरावलं, चार दिवसांत ही जागा घेतली. आन् एवढुसं जनावर तुमाला महिना झाला घावंना? त्यो दारात हुबा हाय, वैनी. ना घरचा ना तिकडचा. माझा एकच भाऊ व्हता. त्याला असा ताटकळत ठिवू नगा."

ती जेवली नाही. जाताना दाराशी वळून रिकाम्या हॉलला म्हणाली, "येते रं दादा." तिला खाकरणं ऐकू आलं नाही. मला आलं.

आता तुला लिहिते ते तिला सांगू नकोस. वायर शाबूत आहे. ससा घरात होता त्या दिवशी दुपारी कुणी खाकरलं नाही. दुसऱ्या पहाटे मी नळ सोडला तर पाणी गार. बटण बंद. मी बादलीत हात घालून उभी राहिले, आणि सात वाजता ओंकारच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन ते उघडायची वाट बघत बसले. ओंकार आला तेव्हा त्याच्या हातात ससा दिला. पुढच्या पहाटे पाणी परत गरम होतं.

मी भुतंखेतं मानत नाही. पण एवढं मला समजतं, की जनावर आलं की ते जातील. म्हणून सापडत नाही.

तुला ऐकायचं असेल तर ये. तोपर्यंत मी काही आणणार नाही. कान लावून तिथे बसू नकोस, तिथे ते कधी आले नव्हते. त्यांचं घर हे आहे.

आई


सावेडी
२४ जानेवारी २०२५

रुपाली,

तारकपूर स्टँडवर बस लागलेली असताना, एका हातात संस्कृतीचा हात आणि दुसऱ्यात बॅग धरून, तू मला जे सांगितलंस ते सांगायची ती जागा नव्हती. कंडक्टरने दार ओढलं आणि तू गेलीस. म्हणून आता सावकाश लिहून विचारते, मी बरोबर ऐकलं का.

तू आलीस, राहिलीस. पहिल्यांदा वाटलं, नातीमुळे घर भरलं म्हणून खाकरणं ऐकू येत नाही. तू दुपारी दारामागे खुर्ची टाकून बसायचीस. संस्कृती विचारायची, "आजी, आई कुणाची वाट बघते?" मी म्हणायचे, "पोस्टमनची." तुला काहीच ऐकू आलं नाही, आणि तू रोज थोडी जास्त गप्प होत गेलीस. पाणी मात्र पहाटे गरम असायचं. तू ते हात घालून पाहायचीस आणि हात पुसायची नाहीस.

मग तू म्हणालीस, "उद्या मी जागी राहते. बाबा बटण दाबताना मला एकदा दिसू देत."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणालीस झोप लागली. स्टँडवर सांगितलंस की लागली नव्हती. उजाडायच्या आधी मीच खोलीतून बाहेर आले. डोळे उघडे होते. पॅसेजमधून सरळ गेले, बटण दाबलं, आणि बाथरूमच्या दाराशी खाकरले. "अगदी बाबांसारखी, आई," असं तू म्हणालीस. तू हाक मारलीस, मी ओळख दिली नाही. तिथवर मी ऐकलं. पुढचं तू इतक्या हळू बोललीस की स्टँडच्या गोंगाटात मला नीट कळलं नाही, पण मला वाटतं तू असं म्हणालीस: परत येताना मी खोलीच्या दारात थांबले, पाठ भिंतीला लावून बाजूला सरले, कुणाला तरी आधी आत जाऊ दिलं, आणि मग त्यांच्या मागून गेले.

तेव्हा पाहिलेलं तू तिथेच का सांगितलं नाहीस हे विचारत नाही. मीसुद्धा नसतं सांगितलं.

तू गेल्यावर मी पडताळून पाहिलं. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. गिझरच्या बटणावर औषधाची चिकटपट्टी आडवी लावली आणि झोपले. सकाळी पाणी गरम. पट्टी काढून, चारपदरी घडी करून, बेसिनच्या कडेवर ठेवलेली. तशी घडी तुझ्या बाबांना जन्मात कधी जमली नाही. ते कागदाचासुद्धा बोळा करायचे. घडी माझी आहे. बटण मी दाबते. दुपारचं खाकरणंही माझंच असणार. माणसाला आपलाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटू शकतो.

हे मी मान्य केलं आहे. आता बाजूला सरण्याचं काय? त्यासाठी पट्टी कुठे लावायची?

बस सुटताना खिडकीतून तू म्हणालीस, "एकतर हे थांबव, नाहीतर माझ्याबरोबर चल. आज बटण आहे, उद्या गॅस असेल." या खेपेला तू बॅग भरली नव्हतीस, हे माझ्या लक्षात आलं. आणि तू म्हणतेस ते खरं आहे. काल मी उठले तेव्हा पायात चपला होत्या. बाहेरच्या. मी त्या घालून कुठवर गेले होते, मला माहीत नाही. दाराची कडी आतून लावलेली होती, पण ती मी कधी लावली?

हे घर मला सोडायचं नाही. मला त्यांनाही सोडायचं नाही. ही दोन्ही वाक्यं मी आज दिवसभर मनात म्हणून पाहिली. एकाच घरात ती दोन्ही राहणार नाहीत.

मी सोमवारी ओंकारकडे जाते.

आई

ता. क. हो, तू त्यांची होतीस. तुला ऐकू आलं नाही ते त्यामुळे नव्हे. ते आलेच नव्हते; मीच होते. हे माझ्यापेक्षा तुला कमी दुखेल अशी आशा आहे.


सावेडी
९ फेब्रुवारी २०२५

रुपाली,

आणलं. एक नाही, दोन आली आहेत. गिनी पिग म्हणतात. आपल्याकडे याला सुटसुटीत नाव नाही. उंदराहून बरीच मोठी, सशाहून लहान, शेपटी नाही. एक तपकिरी, एक पांढऱ्यावर काळं, दोन्ही माद्या, बहिणी आहेत. ओंकार म्हणाला, "एकटं नका नेऊ काकू. हे प्राणी एकटे झुरतात, खाणं सोडतात." मी म्हटलं, "मग माणसांचं काय?" तो म्हणाला, "माणसांचं मला माहीत नाही काकू, मी माणसं विकत नाही." थोडा सुधारतो आहे.

खाणं म्हणजे गवत, गाजराचा पाला, मेथीच्या काड्या. भाजीवाली जे फेकते ते ही खातात. चावत नाहीत. उडी मारत नाहीत. धरलं की हातात थोडा वेळ थरथरतात आणि मग बसतात. माझ्या सगळ्या अटींत बसली.

छबूआत्याला फोनवर सांगितलं.

"काय म्हनालात? पिग? वैनी, डुक्कर आनलं घरात?"

"डुक्कर नाही, वन्सं. नाव तसं आहे."

"नाव कसं का आसंना, जनावर हाय ना? चार पाय हायत?"

"आहेत."

"मंग हाय." आणि ती फोनवरच रडायला लागली. बराच वेळ. मी फोन कानाला धरून ठेवला. मग नाक शिंकरून म्हणाली, "दादाला सांगितलं का?"

ते राहिलं होतं. कसं सांगायचं हा प्रश्नच होता. मृत माणसाशी मोठ्याने बोलायची मला सवय नाही, ओढ्याकाठी बोलले ते शेवटचं. मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. शेजारच्या सदनिकेत मिक्सर चालू होता, तो थांबेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "अहो, आणलं बरं का." चाळीसहून जास्त वर्षं बोलत आलो, आणि शेवटचं वाक्य हे.

दुसऱ्या पहाटे नळ सोडला तर पाणी गार होतं.

मी बटण दाबलं, पूर्ण जागेपणी, दिवा लावून. आणि तिथेच उभी राहिले. पाणी तापायला वेळ लागतो, रुपाली. बराच. इतका वेळ लागतो हे मला माहीतच नव्हतं.

त्यानंतर रोज गार असतं. चपला रात्री जिथे ठेवते तिथे सकाळी सापडतात. दुपारी कुणी खाकरत नाही. तुला काळजी नको. गॅसचा मुख्य कॉकही बंद करते. तेजपूरला यायची वेळ आलेली नाही, पण उन्हाळ्यात महिनाभर पाहुणी म्हणून येईन. माझी बॅग मी भरीन. या दोघींना तोवर ओंकार सांभाळेल, त्याने कबूल केलं आहे.

घर आता खरंच रिकामं आहे. ते गेल्यावर इतके दिवस रिकामं नव्हतं, हे आता कळतं. संध्याकाळी मी रेडिओ लावते आणि बंद करते.

आजची गोष्ट सांगते आणि संपवते. दुपारी मी भाजी निवडत खाली बसले होते, गुडघा लांब करून. दोघी पिंजऱ्याबाहेर होत्या. काळीपांढरी माझ्या पायाला टेकून झोपली होती. तपकिरी अचानक ताठ झाली आणि शिट्टी मारायला लागली. हे प्राणी शीळ घालतात, लांब, चढती, आपल्याला खायला घालणारं माणूस येताना दिसलं की. ती हॉलच्या दाराकडे तोंड करून शीळ घालत होती. दारात कुणी नव्हतं.

मी निवडणं थांबवलं. दाराकडे पाहिलं. तिच्याइतकीच मीही पाहत राहिले. ती पुन्हा ओरडली, आणखी वर, थांबली, कान लावला. मीही लावला. खाली रिक्षा गेली. शेजारी कुणीतरी कुकर उतरवला. बाकी काही नाही.

मग ती हळूहळू वळली. माझ्याकडे पाहिलं. आणि शीळ घातली.

मी तिला कोथिंबिरीची काडी दिली.

संध्याकाळी सातनंतर घरीच असते. फोन कर.

आई